दीड इंचाची परवानगी

माझ्या मामांइतका कायद्याने चालणारा माणूस दिघीपासून रेवदंड्यापर्यंत दुसरा सापडणार नाही, आणि चालता चालता वाटेतच हरवणाराही दुसरा सापडणार नाही. हे दोन गुण एका माणसात कसे मावले याचा मी बरीच वर्षं विचार केला आहे. मी स्वतः सरकारी दवाखान्यात औषधांचं भांडार सांभाळते. कुठली बाटली कुठल्या फळीवर आहे, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. मामांचंही तसंच आहे. त्यांच्या प्रत्येक कागदाला जागा आहे, प्रत्येक अर्जाला पोचपावती आहे. फक्त ते स्वतः या क्षणी कुठे आहेत, हे त्यांना विचारून उपयोग नसतो. समोर ओटीवर बसलेले असतात, आपल्याशीच बोलत असतात, "तर मुद्दा असा की कलम" एवढं म्हणता म्हणता नजर खाडीवर जाते, आणि कलम तिथेच भरतीच्या पाण्यावर तरंगत राहतं. आपण उठावं, चहा प्यावा, मामीशी पापडांच्या पिठाबद्दल बोलून घ्यावं आणि परत येऊन बसावं. मग मामा मान वळवतात आणि शांतपणे वाक्य पुरं करतात, "तीन."

मामा टपाल खात्यात होते. तळा गावात पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले आणि दिघीच्या धक्क्यापासून दोन मैलांवर, खाडीच्या उतारावरच्या आपल्या वाडीत येऊन राहिले. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं पोचवल्यामुळे असेल, पण पोचपावती ही त्यांना जगातली सर्वांत सुंदर वस्तू वाटते. स्वतःच्या फणसाची वाळकी फांदी तोडायची तर ग्रामपंचायतीला अर्ज. ग्रामसेवक हात जोडून म्हणायचा, "मामा, तुमचा फणस, तुमची फांदी, तोडा की." मामा म्हणायचे, हेच वाक्य या कागदावर लिहा. एकदा आगरदांड्याहून दिघीला येताना त्यांच्याबरोबर एक कोंबडा होता. कोंबड्याला तिकीट लागतं का, असं त्यांनी फेरीबोटीच्या तिकीटवाल्याला विचारलं. तो म्हणाला, लागत नाही, चढा. मामा म्हणाले, कुठे लिहिलंय ते दाखवा. लिहिलेलं सापडेपर्यंत बोट निम्म्या खाडीत गेली होती, आणि कोंबडा बोटीत होता, कारण तो मामीच्या काखेत होता. मामी पलीकडच्या धक्क्यावर दीड तास कोंबड्याशी बोलत बसली. माझ्या लग्नात मामांनी पोलीस ठाण्यातून लाऊडस्पीकरची रीतसर परवानगी काढून आणली होती. शिक्का, सही, वेळ, आवाजाची मर्यादा, सगळं चोख. लाऊडस्पीकर मात्र आणायचा विसरले.

हे वेड कुठून आलं ते मला माहीत आहे. त्याचं मूळ माझ्या आजोबांत, म्हणजे मामांच्या वडिलांत आहे. आजोबा फौजेतून परत आले आणि त्यांनी ही वाडी उभी केली. वाडीला रानडुकरांचा त्रास फार. सुरण उकरायची, वालाचे वाफे एका रात्रीत नांगरल्यासारखे करून ठेवायची. आजोबांनी बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला. आमच्या वस्तीतल्या माणसाच्या हातात बंदूक, ही गोष्ट त्या काळी गावाला पचणारी नव्हती. अर्ज परत आला. आजोबांनी पुन्हा केला, पुन्हा परत आला, आणि चौथ्या खेपेला पीकसंरक्षणासाठी एकनळी बारा बोअर बंदुकीचा परवाना त्यांच्या नावाने आला. गावातला एक मोठा माणूस वाडीवर येऊन म्हणाला, बंदूक दाखव. आजोबांनी आधी परवाना दाखवला. तो वाचता वाचता त्या माणसाचा आवाज कसा उतरत गेला, आणि जाताना तो आजोबांना 'अहो' कसा म्हणाला, हे मामांनी सात वर्षांचे असताना पायरीवर बसून ऐकलं. तेव्हापासून मामांच्या मते बंदुकीची ताकद काडतुसात नसते. "बंदूक काय, कुणाकडेही असते," ते म्हणतात. "आपल्याकडे कागद होता." एवढं बोलून ते भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोकडे बघतात, आणि मग तासभर तरी त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसतो.

आजोबांच्या मागे परवाना आणि बंदूक मामांकडे आली. आजोबा सहा फुटांचे, मामा मध्यम. बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतं ते मागचं लाकूड, आजोबांच्या मापाचा. मामांनी त्यावर स्वतःचा तोडगा काढला. कितीही थंडी असो, बंदूक घेऊन बसताना त्यांच्या अंगात फक्त बनियन. स्वेटर घातला की दस्ता अर्धा इंच लांब होतो, असा त्यांचा सिद्धान्त. त्यामुळे डिसेंबरातल्या संध्याकाळी मामा मचाणावर कुडकुडत, पण मापात बसलेले असत. इतकं करून त्यांनी आजवर एकही जनावर मारलेलं नाही. रानडुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी, आणि आपला परवाना पीकसंरक्षणाचा. डुकरं आली की नळी आकाशाकडे करून एक काडतूस उडवायचं, बस. डुकरांनाही हे कळलं असावं. आवाज झाला की ती सावकाश, जत्रेतून घरी निघाल्यासारखी निघून जात. पण जात, आणि चार दिवस फिरकत नसत, हे महत्त्वाचं.

निवडणुका आल्या की परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. इतर परवानाधारक बंदूक देतात, पावती घेतात आणि निकालानंतर येतात. मामा दर सोमवारी बंदुकीला भेटायला जात. बरोबर तेलाची बाटली आणि मऊ फडकं. दमट हवा आहे, नळीला गंज धरेल, एवढं पुसू द्या, अशी विनंती. ठाण्यातला हवालदार त्यांना बघूनच सांगायचा, "मामा, पेशंट बरा हाय. रात्री शांत झोपला. पुढच्या सोमवारी येताना डबा आणा." मामा त्यालाही गंभीरपणे म्हणायचे, डब्याची तरतूद नियमात नाही.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मामांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. या दुखण्यात कडेचं आधी दिसेनासं होतं. जग हळूहळू नळीतून बघितल्यासारखं गोल आणि लहान होत जातं. मी औषधाच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावल्या, थेंबांच्या बाटल्यांना रंगीत दोरे बांधले. मामांनी फारशी तक्रार केली नाही. "मधोमध खाडी दिसते," म्हणाले. "कडेला तसंही काय होतं, करवंदीची जाळी." पण परवान्याच्या नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि तो आता मिळणार नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. त्यातच एका सकाळी विहिरीपाशी एक डुक्कर मामीच्या अंगावर धावून आलं. मामी विहिरीच्या कठड्यावर चढून उभी राहिली आणि कळशी फेकून तिनं ते परतवलं. ती हसत हसत सांगते, पण तिच्या नडगीवरची खूण अजून गेलेली नाही.

त्या रविवारी माझा मामेभाऊ, म्हणजे त्यांचा मुलगा, पनवेलहून आला. त्याचा गाड्यांचा धंदा आहे, मन चांगलं आहे, बोलणं भरधाव. "पप्पा, सिंपल आहे ना," तो म्हणाला. "गन जमा करून टाका आणि चला तिकडे. लिफ्ट आहे, हॉस्पिटल खाली आहे. इकडे तुम्हाला दिसत नाही, मम्मीच्या मागे डुक्कर लागतंय, मी तिकडे काय झोपू?" मामी म्हणाली, "पनवेलला चौथ्या माळ्यावर मी काय राखू? गॅलरी?" बराच वेळ वाद झाला. शेवटी मामेभावानं अट घातली. लायसन्स मम्मीच्या नावानं करा, आणि ती बंदूक नीट हाताळू शकते असं कुणीतरी जाणत्या माणसानं लिहून द्यावं. मग तो पुन्हा हा विषय काढणार नाही. नाहीतर होळीला टेम्पो घेऊन येणार. मामांनी हे एका कागदावर लिहून घेतलं आणि त्याची सही घेतली. दिवाळी नुकतीच झाली होती. म्हणजे हातात चार महिने.

नियम मामांच्या बाजूनं होता. परवानाधारकाचं वय सत्तरच्या वर गेलं की त्याला आपल्या हयातीतच बंदूक वारसाच्या नावावर करता येते. त्यासाठी वारसानं शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घेऊन तसा दाखला आणायचा. मी यादी केली, तारखा टाकल्या आणि मामीला घेऊन अलिबागला गेले. बरोबर मामा, चादरीत गुंडाळलेल्या बंदुकीसह. शिकवणारे पोलिसातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. मामी चौथी शिकलेली, पण तिथल्या सगळ्या तरण्या मुलांपेक्षा तिला सगळं आधी कळलं. नळी कुणाकडे करायची नाही, काडतूस कधी भरायचं, कधी काढायचं, हे तिनं लोणच्याच्या बरणीसारखं स्वच्छ हातानं करून दाखवलं. नेम तर असा की गृहस्थांनी टोपी काढली. पण दस्ता. तो तिच्या खांद्याला टेकला की चाप बोटापासून लांब राही, आणि चाप हाताशी आला की दस्ता काखेत शिरे. "बाई, तुमच्या नजरेला तोड नाही, हात आखूड आहेत," ते म्हणाले. "असाच बार काढलात तर खांदा निखळेल. दस्ता दीड इंच कमी करून आणा, लगेच सही करतो."

दीड इंच लाकूड. मी यादीत लिहिलं, 'दस्ता कापणे, एक दिवस', आणि तिथेच चुकले.

मामांनी घरी येऊन कायद्याचं पुस्तक उघडलं. नळी आखूड करायची नाही, हे त्यात स्पष्ट होतं. क्रमांक खोडायचा नाही, हे स्पष्ट होतं. बंदुकीची दुरुस्ती ज्याला त्या कामाचा परवाना आहे त्यानेच करायची, हेही स्पष्ट होतं. पण दस्ता कमी करणं ही दुरुस्ती, की फेरफार, की नुसती सुतारकी, यावर पुस्तक गप्प होतं. कायदा बोलतो तिथे मामा निश्चिंत असतात. तो गप्प बसला की त्यांची झोप उडते. दस्ता ही बंदूक आहे की लाकूड आहे, या प्रश्नावर ते पंधरा दिवस खाडीकडे बघत बसले. मधेच मला फोन करायचे. "बाय, असं बघ. नळीशिवाय दस्ता म्हणजे काय? काठीसुद्धा नाही. पण दस्त्याशिवाय नळी म्हणजे काय? पाइप. मग बंदूक नक्की कुठे असते?" मी म्हणायचे, मामा, मला औषधं मोजायची आहेत. मग पलीकडून काहीच ऐकू यायचं नाही, फक्त माडांच्या झावळ्यांचा आवाज. फोन चालू ठेवूनच ते निघून गेलेले असायचे.

ठाण्यात विचारलं. तिथे म्हणाले, नळी कापत नाही ना, मग आम्हाला कशाला विचारता, कापा. मामा म्हणाले, लेखी द्या. लेखी कोण देणार. रेवदंड्याला आमच्या शेजारी होड्या बांधणारा सुतार आहे. त्याला मी विचारलं, आणि त्यानं बंदूक न बघताच सांगितलं, "होडीची नाळ बसवतो मी, ह्ये तर दहा मिन्टांचं काम हाय. उद्या आना."

मामा त्याला भेटायला आले. "तुमच्याकडे परवाना आहे?" त्यांनी विचारलं.

"करवतीला परवाना लागतो व्हय?" सुतार म्हणाला.

मामांनी हा प्रश्न वहीत टिपून घेतला. खरंच लागतो का, ते बघायला हवं होतं.

अशा कामाचा परवाना असलेला कारागीर घाटावरच्या शहरात होता. पण मामांची बंदूक फक्त आपल्या जिल्ह्यापुरती. म्हणजे ज्याला परवाना होता तो हद्दीबाहेर, आणि जो हद्दीत होता त्याला परवाना नव्हता. डिसेंबर संपत आला. मी मामांना म्हटलं, एक स्क्रू काढला की दस्ता सुटतो. बंदूक घरीच राहू दे, नुसतं लाकूड पार्सलनं पाठवा, पार्सलवर 'लाकडी वस्तू' लिहा, मोकळे व्हा. मामांना हे पटलं. निदान पाठवण्याचा भाग पटला. त्यांनी दस्ता सोडवला, गोणपाटात शिवला, गाठींवर लाख लावली, आणि वरती मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'बंदुकीचा दस्ता, एक नग. परवाना क्रमांक अमुक. खरे वर्णन.' टपाल कचेरीत खिडकीवर जी मुलगी होती ती तळ्याला मामांच्याच हाताखाली शिकलेली. तिनं पार्सल वाचलं आणि उभी राहिली. "सर, तुम्हीच शिकवलंत ना," ती म्हणाली. "बंदुकीचा कुठलाही भाग पार्सलनं घ्यायचा नाही म्हणून." मामा पार्सल काखेत घेऊन घरी आले ते लग्नातून आल्यासारखे. मी कपाळाला हात लावला. ते म्हणाले, "किती व्यवस्थित नाकारलं तिनं. कारणासकट, शिक्क्यासकट, लेखी." त्यांनी तो नकार फाइलला लावला.

जानेवारीत मामेभावानं सहज म्हणून फोन केला आणि सहज म्हणून सांगितलं, की टेम्पोवाल्याला होळीच्या दुसऱ्या दिवसाचं बोलून ठेवलंय. मामी त्या दिवशी वाडीतून फिरली आणि प्रत्येक पोफळीला पाणी घातलं. पाण्याची पाळी नव्हती तरी घातलं. मग मी एक दिवस रजा टाकली आणि जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन बसले. दस्ता कमी करण्याच्या परवानगीसाठी मामांनी केलेला अर्ज तिथे नोव्हेंबरपासून पडून होता. खिडकीवरच्या बाईंनी तो लगेच काढला. अकरा पानांचा होता. त्यात आजोबांचे चारही अर्ज होते, वाडीची चतुःसीमा होती, भरती कुठल्या तिथीला कठड्यापर्यंत येते ते होतं, आणि डुकरं येण्याआधी टिटवी दोनदा ओरडते हेही होतं. बाई म्हणाल्या, "मी जेवणाच्या सुट्टीत वाचते हा, थोडा थोडा. छान आहे. पण यात मामींच्या हाताचं माप सोडून सगळं आहे. माप नाही तर साहेब किती इंचाची परवानगी देणार?"

मामांनी खाडीची भरती मोजली होती, मामीचा हात मोजायचा राहिला होता.

मी त्याच संध्याकाळी वाडीवर गेले. शाळेच्या फूटपट्टीनं कोपराच्या खोबणीपासून बोटाच्या पेरापर्यंत मामीचा हात मोजला. मामा मधोमध दिसणाऱ्या त्या गोलात फूटपट्टी धरून आकडा स्वतः वाचत होते, पुन्हा पुन्हा. मामी म्हणाली, "लग्नात बांगड्यांना मोजला न्हाय येवढा." मी एका पानाचा नवा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवशी नेऊन दिला. फेब्रुवारीच्या मध्यावर परवानगी आली. नळीची लांबी आणि क्रमांक अबाधित ठेवून, परवानाधारक कारागिराकडूनच, दस्ता दीड इंच कमी करण्यास हरकत नाही. त्यासाठी बंदूक पंधरा दिवस जिल्ह्याबाहेर नेण्यास मुभा, परत आल्यावर ठाण्यात दाखवावी. मामांनी तो कागद भिंग लावून दुपारभर वाचला. माडांच्या सावल्या ओटीवरून सरकत पायरीवर गेल्या, तरी ते पहिल्याच परिच्छेदात होते. मला वाटलं झोपले. तेवढ्यात म्हणाले, "बाय, आजोबांना चार खेपा लागल्या. मला दोनच."

घाटावरचा कारागीर फार म्हातारा होता. दुकानात लाकडाचा भुसा, अळशीच्या तेलाचा वास आणि एक आळशी मांजर. त्यानं परवानगीचा कागद वाचला, मामीला उभं केलं, दस्ता तिच्या कोपराच्या खोबणीत टेकवला, बोट कुठे येतं ते बघितलं आणि पेन्सिलीनं लाकडावर बारीक रेघ मारली. मग करवत बाजूला ठेवून तो मामांकडे वळला. "एक बात ऐका साहेब," तो म्हणाला. "लाकूड एकदा कापलं की परत जुळत नाही. यानंतर ही बंदूक तुमच्या खांद्याला कधीच बसणार नाही. मी चाय सांगतो. तोवर सोचा."

मामांनी बंदूक हातात घेतली. दस्ता खांद्याला लावला, गाल लाकडावर टेकवला. तिथे लाकूड दोन पिढ्यांच्या गालांनी गुळगुळीत झालेलं आहे, थोडं खोलगटही. दुकानाच्या दारातून समोर नुसता रस्ता दिसत होता, पण मामा त्याच्याही पलीकडे कुठेतरी बघत होते, आणि ते किती दूर गेलेत याचा अंदाज मला या खेपेला येईना. चहा आला, निवला. मामी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"अवो, ऱ्हाऊ द्या," ती हलकेच म्हणाली. "जाऊ पनवेलला. गॅलरीत तुळस लावीन."

मामांनी गाल उचलला. "तुळशीला डुकरं येत नाहीत," ते म्हणाले, आणि बंदूक कारागिराच्या हातात दिली. "कापा."

दहा मिनिटांचंच काम होतं, सुतार खोटं बोलला नव्हता. दीड इंचाचा तुकडा टेबलावर पडला तो मामांनी उचलला, वास घेतला, आणि विचारलं, "याला परवाना लागतो का?"

"लाकूड आहे, साहेब."

"लेखी देता?"

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं, मग आपल्या दुकानाच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'लाकूड', आणि खाली सही केली. मामांनी कागद आणि तुकडा वरच्या खिशात ठेवला. घाट उतरताना सबंध वाट त्यांचा हात त्या खिशावर होता.

अलिबागच्या गृहस्थांनी शब्द पाळला, सही केली. बाकीचे कागद मी एकामागून एक पुढे सरकवले. होळीला मामेभाऊ आला तो टेम्पोशिवाय. त्यानं दाखला वाचला, मम्मीला मिठी मारली आणि म्हणाला, "मम्मी, तू तर डेंजर निघालीस." मग त्यानं पप्पांनी घेतलेली स्वतःची सही परत मागितली. मामांनी दिली नाही. फाइलला लागलेला कागद निघत नाही.

परवाना मामीचा झाल्या दिवसापासून मामांनी बंदुकीला हात लावलेला नाही. झाडताना मधे आली तरी ते केरसुणी धरून थांबतात आणि मामीला हाक मारतात. माझ्याकडे आता परवाना नाही, हात लावला तर गुन्हा, एवढंच सांगतात. पण तिन्हीसांजेला मामी मचाणावर चढली की तेही मागोमाग चढतात, आणि तिच्या डाव्या बाजूला बसतात. पाऊस सरल्यावर एका शनिवारी मी गेले होते, तेव्हा मीही वर जाऊन बसले. आता मधोमधचं वर्तुळही धूसर झालं आहे. खाडी तांबूस होती, मग राखेसारखी झाली, आणि मामा तिच्याकडे तोंड करून बसले होते, ती आहे त्या दिशेला. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "काही हललं का गं?"

वाडीत काही हललं नव्हतं. मी नीट बघितलं होतं. मामीनंही बघितलं. "हललं जनू," ती म्हणाली, काडतूस भरलं, दस्ता खांद्याला घट्ट लावला आणि आकाशाकडे बार काढला. आवाज पाण्यावरून गेला, पलीकडच्या डोंगराला लागला आणि सावकाश परत आला. तो पुरा परत येईपर्यंत मामा डोळे मिटून बसले होते, मान थोडी कलती, जवळच्या माणसाचं बोलणं ऐकावं तशी.

काडतुसांची नोंद मामी एका शाळेच्या वहीत ठेवते. तारीख, किती उडवली, कारण. उजेड होता तेवढ्यात मी वही चाळली. पावसाळ्यानंतरच्या पाच नोंदी होत्या, चौथीतल्या मुलीसारख्या गोल अक्षरात, आणि कारणाच्या रकान्यात पाचही वेळा एकच ओळ होती, 'डुकरं नव्हती.' मामी कागदावर खोटं लिहीत नाही. मामांबरोबर इतका जन्म काढल्यावर ते जमणारही नाही. तिनं आजची ओळ लिहिली, तीच, आणि रिकामं काडतूस वेचायला खाली उतरली.

"काय लिहिलं गं तिनं?" मामांनी विचारलं. "वाच, बाय."

शिडीच्या खालच्या पायरीवर मामी थांबली. वर बघितलं नाही.

मी वही डोळ्यांसमोर धरली आणि वाचलं, "रानडुकरं तीन. आकाशात एक. पळाली."

मामांनी मान हलवली. तोंड पुन्हा खाडीकडे वळवलं, आणि मला वाटलं, गेले पुन्हा कुठेतरी.

"तीन होती होय," मग ते म्हणाले. "मला दोघांचीच पावलं लागली. तिसरं लहान असेल."